आधी बॅलन्स करा

संध्याकाळी जनरल शिफ्ट सुटली की अंबडच्या एक्स्लो पॉइंटवर दुचाक्यांचा लोंढा येतो. त्यात प्लेटिंगवाले सर ओळखायचे असतील तर चेहरे बघत बसू नका, पँटी बघा. ज्या पँटीला गुडघ्याच्या जरा वर, टाकीच्या काठाच्या बरोबर उंचीला, मोहरीएवढी पाच-सहा भोकं आहेत, ते सर.

भोकांबद्दल विचारू मात्र नका. विचारलंत तर सिग्नल हिरवा होऊन परत लाल होईपर्यंत सुटका नाही. "हे भोक आजचं नाही," ते हेल्मेटची काच वर करून सुरू होतात. "थेंब उडाला सोमवारी. पातळ सल्फ्युरिक, काही दिसलंसुद्धा नाही. पाणी उडून गेलं, अ‍ॅसिड उडत नाही. ते तिथेच बसून दाट होत गेलं. दाट झालं की त्याला पाण्याची हाव सुटते. कापूस म्हणजे काय? सेल्युलोज. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन. अ‍ॅसिडने त्यातला हायड्रोजन-ऑक्सिजन पाणी करून ओढून घेतला, उरला कोळसा. बुधवारी धुतली, कोळसा वाहून गेला, आणि आमच्या घरात वॉशिंग मशीनला शिव्या बसल्या." सरांच्या पत्नीने टेरिकॉटच्या पँटी घ्या म्हणून वर्षानुवर्षं सांगून पाहिलं. सर ऐकत नाहीत. सुती पँट हे त्यांचं शैक्षणिक साहित्य आहे. दहावीच्या पोरांना 'कार्बनी संयुगे' शिकवताना ते पाय खुर्चीवर ठेवतात आणि खडूने भोक दाखवतात.

असे सर अंबडात एकटेदुकटे नाहीत. सातपूर आणि अंबड या दोन वसाहतींनी नाशिकला कामगार दिले, भाड्याच्या खोल्या दिल्या, वडापावच्या गाड्या दिल्या, तशीच ही एक जातही दिली. बी.एस्सी. केमिस्ट्री, बहुधा धुळ्या-जळगावकडचे, जाहिरात वाचून एका पिशवीनिशी आलेले, सिडकोच्या कुठल्या तरी योजनेत घर, दिवसा कारखान्यात अ‍ॅसिडच्या टाकीपाशी आणि संध्याकाळी साडेसातपासून घराच्या वरच्या खोलीत फळ्यापाशी. मी इथे ज्यांच्याबद्दल लिहितोय ते तशा तीन-चार जणांचं मिश्रण आहे. संयुग म्हणणार नाही. सरांनीच शिकवलंय की मिश्रणातले घटक आपापले गुण राखून असतात आणि मनात आणलं तर वेगळे काढता येतात.

कारखान्यात त्यांचा हुद्दा 'केमिस्ट'. यामुळे गावाकडे तीस वर्षं गोंधळ आहे. सर सुट्टीवर गेले की भाऊबंद डॉक्टरांच्या चिठ्ठ्या घेऊन ओट्यावर बसतात. "ही गोळी तुमच्या दुकानात स्वस्तात मिळंल का?" सुरुवातीला सर समजावून सांगायचे. आता चिठ्ठी वाचतात, गोळीतला मूळ रेणू कोणता ते सांगतात, त्यात बेंझिनचं कडं कुठे बसलंय ते काडीने मातीत काढून दाखवतात. माणूस दुसऱ्यांदा चिठ्ठी आणत नाही.

वरच्या खोलीत शिरताना पंधरा-वीस चपलांचे जोड ओलांडावे लागतात. आत एक फळा, एक ट्यूबलाइट, आवर्तसारणीचा एक तक्ता. सोडियम-पोटॅशियमच्या कोपऱ्यावर पावसाळ्यात गळतीचा डाग पडला आहे आणि सर त्यावर दर वर्षी तोच विनोद करतात, की नेमकं इथेच पाणी पडायला नको होतं. नियम एकच: आधी बॅलन्स. आठवीतून नुकतंच वर आलेलं एखादं पोर विचारतं, "सर, पाणी पिऊन येऊ?" सर खडू पुढे करतात. "पाणी कसं तयार होतं ते लिही." पोर लिहितं, एच टू अधिक ओ टू, बाण, एच टू ओ. "डावीकडे ऑक्सिजन किती? दोन. उजवीकडे? एक. एक ऑक्सिजन गेला कुठे? तू खाल्लास? बॅलन्स कर, मग पी." पोर ओ टूमधला दोन पुसायला जातं. इथे सरांचा आवाज चढतो. "सूत्राला हात लावायचा नाही! खालचा आकडा निसर्गाचा, पुढचा आकडा तुझा. तुला काय करायचं ते पुढे कर." मग पुढे दोन, इकडेही दोन, आणि पोराला पाणी मिळतं. दुसऱ्या दिवसापासून सगळे घरून बाटल्या आणतात.

या बॅलन्सपायी सरांनी बाहेर बरेच शत्रू केले. एकदा सोसायटीने त्यांना खजिनदार केलं. वर्षअखेरीच्या सभेत त्यांनी जमा डावीकडे, खर्च उजवीकडे, मध्ये बाण असा ताळेबंद फळ्यावर मांडला आणि उजवीकडे कमी पडणारे अकराशे रुपये कोणत्या अवस्थेत बाहेर पडले, घन, द्रव की वायू, असं जाहीर विचारलं. पुढच्या वर्षी खजिनदार बदलला. सरांना फार वाईट वाटलं नाही. लाव्हाझिएची गोष्ट त्यांना पाठ आहे. अभिक्रियेच्या आधी आणि नंतर वजन करा, वजन सारखंच भरलं पाहिजे, असं फ्रान्समध्ये काट्यावर तोलून दाखवणारा हा माणूस पोटापाण्यासाठी करवसुलीच्या धंद्यात होता, आणि क्रांतीत १७९४ साली त्याचं मुंडकं उडवलं. "हिशेब जुळवणाऱ्याचं हे असं होतं," सर म्हणतात. "आपल्याकडे फक्त खजिनदारपद जातं."

शहरातले मोठे क्लास सरांना आवडत नाहीत. फीचा मुद्दा नाही, फी ते स्वतः घ्यायला विसरतात. मुद्दा उपमांचा. मोठ्या क्लासातले तरुण सर आयनिक बंध शिकवताना म्हणे लग्न लावतात. सोडियम हा मुलीचा बाप, क्लोरीन हा नवरदेव, इलेक्ट्रॉन ही नवरी, आणि सहसंयुज बंध म्हणजे दोन भावांत एक मोटारसायकल. पोरं खूश होतात, टाळ्या पडतात. आमच्या सरांच्या कानावर हे आलं तेव्हा ते कधी नव्हे ते चिडले. "सोडियम म्हणजे सोडियम! सुरीने कापला जातो, पाण्यात टाकला तर पेटतो. त्याला फेटा कशाला बांधता?"

म्हणून सर कसलीही उपमा देत नाहीत, वस्तू आणतात. त्यांच्या रेक्झिनच्या पिशवीत मोरचूद, नवसागर, तुरटी, दोन-चार लोखंडी खिळे, झिंकचं प्लेटिंग केलेला एक बोल्ट आणि न केलेला एक, इतका ऐवज कायम असतो. विस्थापन शिकवायचं तर काचेच्या ग्लासात मोरचुदाचं निळं पाणी आणि त्यात खिळा. पोरं वहीत तारीख लिहीपर्यंत खिळ्यावर तांबूस लेप चढतो. 'लोखंड अधिक क्रियाशील म्हणून तांब्याला बाहेर काढतं' हे वाक्य पुस्तकात एका ओळीचं आहे. तो खिळा पोरं आठवडाभर दप्तरात घेऊन हिंडतात. मोरचूद तापवला की निळा रंग जाऊन पांढरी भुकटी होते, वर पाण्याचा एक थेंब टाकला की परत निळी. हे सर चमच्यात करून दाखवतात. चमचा अर्थातच घरातला. त्या घरात बारा चमच्यांच्या संचातले सात शिल्लक आहेत, कारण मोरचूद लागलेला चमचा पुन्हा स्वयंपाकघरात न्यायचा नाही हाही सरांचाच कडक नियम.

नाशिकची मिसळ हासुद्धा अभ्यासक्रमाचा भाग. रविवारी रस्सा सदऱ्यावर सांडला की सर पुसत नाहीत. सोमवारी तोच सदरा घालून वर येतात, पिवळ्या डागावर ओला साबण फिरवतात. डाग लालभडक. लिंबू पिळतात. परत पिवळा. "हळद. आम्लात पिवळी, आम्लारीत लाल. तुमच्या आज्या-पणज्या हळदीला चुना लावून कुंकू करायच्या, त्या दर्शक वापरत होत्या. लिटमस नंतर आला." खाली पत्नी वाट बघत असते, हा प्रयोग एकदाचा संपून सदरा बादलीत कधी पडतो याची.

पत्नीविषयी सांगायला हवं. सरांनी आयुष्यभर ज्या समीकरणापुढे खडू खाली ठेवला ते हे एकच. बाई कधी केमिस्ट्री शिकल्या नाहीत, पण विरजण किती उबेला लागतं, पापडखार किती पडला म्हणजे पापड लाल होतो, कैरी मिठात किती दिवस ठेवायची, या बाबतीत त्यांचा हात चुकत नाही. सर मागे उभं राहून कारणं पुरवतात. एकदा बाई कांदा चिरत होत्या, डोळ्यांना धार. सर म्हणाले, "कांद्याच्या पेशी फुटल्या की आतलं विकर मोकळं होतं, गंधकाचं एक उडून जाणारं संयुग तयार होतं, ते डोळ्यातल्या ओलाव्यात..." बाईंनी विळी त्यांच्याकडे सरकवली. "अहो, एवढं कळतंय तर चिरा." त्या दिवशी सरांनी तीन कांदे चिरले, पाण्यात बुडवून, त्यामुळे ते संयुग हवेत कमी उडतं. भाजीला मात्र कांद्याचा वास राहिला नाही असा बाईंचा शेरा पडला.

सरांचा खरा कस लागतो तो मोल या धड्यात. तिथे हुशार पोरंसुद्धा आडवी होतात. ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात हा आकडा ऐकूनच पोट दुखतं. सर खोकल्याच्या औषधाचं खुणांचं झाकण घेतात, त्यात अठरा मिलिलिटर पाणी भरतात आणि पोराच्या हातात देतात. "पी. किती प्यायलास? एक मोल. एवढे रेणू पोटात गेले, काही झालं? नाही ना? मग घाबरतोस कशाला." मीठ ५८.५ ग्रॅम, खायचा सोडा ८४ ग्रॅम, साखर ३४२ ग्रॅम. प्रत्येकी एक मोल. पदार्थ बदलला की वजन बदलतं, रेणूंची संख्या तीच. हे डोक्यात बसावं म्हणून सर पोरांना कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात पाठवतात. "जा, दोन मोल साखर आण."

दुकानदाराने पहिल्या वर्षी पोरांना हाकललं. दुसऱ्या वर्षी घरी येऊन भांडला. तिसऱ्या वर्षापासून त्याच्या गल्ल्यामागे, गणपतीच्या तसबिरीखाली, सरांच्या अक्षरातला एक कागद चिकटवलेला आहे: साखर ३४२, मीठ ५८.५, सोडा ८४. पोर येऊन 'अर्धा मोल साखर' म्हणालं की तो मान वर न करता काट्यावर १७१ ग्रॅम टाकतो. एखादं म्हणालं 'एक मोल तूरडाळ' तर तोच पोराला झापतो. "डाळीला मोल नसतो. डाळ मिश्रण आहे. सरांनी शिकवलं नाही का?"

२० मे २०१९ पासून मोलची व्याख्या बदलली. आधी ती बारा ग्रॅम कार्बन-१२ मध्ये जितके अणू, तितके कण अशी वजनाला बांधलेली होती. आता संख्याच ठरवून टाकली, ६.०२२१४०७६ गुणिले दहाचा तेविसावा घात, एकही कण इकडे-तिकडे नाही. सरांनी त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले. दुकानदाराने पेढा हातात घेऊन विचारलं, "सर, म्हणजे आता साखर जास्त द्यायची का कमी?"

"तेवढीच."

"मग पेढे कशाचे?"

यावर सर बराच वेळ बोलले. दुकानदाराने मधल्या वेळात चार गिऱ्हाइकं केली.

कारखान्यात परिस्थिती वेगळी. तिथे फळा नाही, शेठ आहेत. शेठना मायक्रॉन कळतो, कारण गिऱ्हाईक त्यावर माल परत पाठवतं, पण फॅरडे कळत नाही. "सर, पार्टीचा टेम्पो गेटवर उभा आहे. पंधरा मिनिटांत लॉट काढा." सर खिशातली डायरी काढतात. "शेठ, एक अँपिअर एक तास सोडला तर १.२२ ग्रॅम झिंक बसतं. तुम्हाला पाहिजे आठ मायक्रॉन. एका चौरस डेसिमीटरला झालं ०.५७ ग्रॅम. एका अँपिअरने अठ्ठावीस मिनिटं, तेही सगळा करंट कामी आला तर. पंधरा मिनिटांत चार मायक्रॉन बसेल."

"करंट डबल करा ना मग."

"डबल केला तर कडा जळतील, मधला भाग तसाच. विजेला कोपरे आवडतात."

शेठ कपाळाला हात लावून ड्रायव्हरला चहा पाजायला जातात आणि सर अठ्ठावीसच्या जागी पस्तीस मिनिटं घेतात. 'एका इलेक्ट्रॉनची किंमत' हा त्यांचा आवडता शब्दप्रयोग अशाच वादांतून तयार झाला. शेठना तो विजेच्या बिलाबद्दलचा वाटतो.

एका दिवाळीच्या आधी सरांचा उपयोग अख्ख्या इमारतीला झाला. जिन्याखालचं स्वच्छतागृह घासायला आलेल्या मावशींनी आधी ब्लीचिंग पावडर टाकली, डाग निघेना म्हणून वर बाथरूम धुण्याचं अ‍ॅसिड ओतलं. वास जिन्याने वर आला. फळ्यावर तेव्हा दुहेरी विस्थापन चाललं होतं. सरांचं नाक आधी थांबलं, मग खडू. पुढच्या क्षणी ते दोन मजले उतरून खाली होते आणि मावशींना दंडाला धरून अंगणात आणत होते. "दारं उघडा! खिडक्या उघडा! कोणी आत जाऊ नका! क्लोरीन आहे!" मावशी खोकत होत्या, दोघं-तिघं शेजारी नाकाला रुमाल लावून उभे. धोका टळल्याची खात्री पटताच सर वळले. जिन्यावर पंधरा पोरं उभी होती. "लिहा. ब्लीचिंग पावडर अधिक हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड. उजवीकडे काय काय?" एकाने कॅल्शियम क्लोराइड सांगितलं, एकाने पाणी, एकाने क्लोरीन. "अ‍ॅसिडचे रेणू किती? बॅलन्स करा." अंगणातल्या अंगणात, पाठीवर वही ठेवून, बॅलन्स झालं. मग १९१५ साली बेल्जियममध्ये याच वायूने खंदकातले सैनिक कसे मारले ते आलं. मावशींनी शेवटी मूळ प्रश्न विचारला. "सर, मग घासू कशाने?"

"एका वेळी एकच, मावशी. मध्ये भरपूर पाणी. दोघांची गाठ पडू द्यायची नाही."

ही सूचना त्या इमारतीत आजही पाळली जाते. सरांच्या एकूण अध्यापनातला शंभर टक्के निकाल लागलेला हा एकच धडा असावा.

अकार्बनीपेक्षा सर कार्बनीत जास्त रमतात, आणि तिथे त्यांना आवरणं कठीण. कार्बन स्वतःशीच हात जोडत कितीही लांब साखळ्या करतो, त्यातून लाखो संयुगं निघतात, आणि त्यातली बरीचशी अंबडच्या हवेत संध्याकाळी फिरत असतात असं त्यांचं म्हणणं. पेंट शॉपवरून जाताना टोल्युइन, कुठे थिनरमधून केळ्याचा वास आला तर तो ईस्टर, ग्लॅक्सोच्या गेटवरून जाताना काहीच वास नाही, तर "आत बंद डब्यांत बेंझिनची कडी चालू आहेत." बेंझिनच्या तासाला पोरांना डुलकी काढायची अधिकृत परवानगी असते. केकुलेने १८६५ साली ते सहा कार्बनांचं कडं मांडलं आणि पुढे पंचवीस वर्षांनी सांगितलं की शेकोटीपुढे डोळा लागला तेव्हा स्वतःची शेपटी तोंडात धरलेला साप दिसला होता. सर झोपलेल्या पोराला हलक्या हाताने उठवून विचारतात, "काय दिसलं?" आजवर कोणालाही साप दिसलेला नाही. एकाला इडली दिसली होती.

त्यांची सगळ्यात लाडकी गोष्ट युरियाची. १८२८ पर्यंत बहुतेकांची समजूत होती की सजीवांच्या शरीरात बनणारे पदार्थ प्रयोगशाळेत बनू शकत नाहीत, त्याला प्राणशक्ती लागते. व्होलरने अमोनियम सायनेट तापवला आणि हाती युरिया आला. मूत्रातला पदार्थ, मूत्रपिंडाशिवाय. सर ही गोष्ट गावी शेतात पुतण्यालाही सांगतात, युरियाच्या गोणीवर हात ठेवून. "ही गोणी बघ. ४६ टक्के नत्र लिहिलंय. कुठून आलं ते ४६? युरियाचा रेणू साठ, त्यात नायट्रोजनचे दोन अणू, अठ्ठावीस. अठ्ठावीस भागिले साठ. म्हणजे या पंचेचाळीस किलोच्या गोणीत नत्र साधारण एकवीस किलो. बाकीचा कार्बन, ऑक्सिजन, हायड्रोजन." पुतण्या आभाळाकडे बघतो. "काका, पाऊस येऊ राहिला. तुम्ही टाकता का मी टाकू?"

द्राक्षबागेच्या सहलीतही हेच. दिंडोरीकडच्या एका वाइनरीत मार्गदर्शक मुलगी पर्यटकांना ग्लास कसा धरायचा ते दाखवत होती. सर मागच्या रांगेतून म्हणाले, "ग्लुकोजच्या एका रेणूपासून इथेनॉलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन. यीस्टमधली विकरं हे काम करतात. तो कार्बन डायऑक्साइड तुम्ही कुठे सोडता?" मुलगी गोंधळली. बाहेर बागेत पानांवर निळसर डाग दिसले तेव्हा तर सर उजळले. मोरचूद आणि चुना, बोर्डो मिश्रण! फ्रान्सच्या बोर्डो भागातलं, केवड्यावरचं औषध. पिशवीतून मोरचुदाची पुडी निघाली. वाइन चाखायचा कार्यक्रम त्या दिवशी अर्ध्या तासाने लांबला, आणि सहलीतल्या पालकांनी पुढच्या वर्षी त्र्यंबकेश्वर ठरवलं.

सरांच्या क्लासला मार्क पडतात का? प्रामाणिक उत्तर: मध्यम. पोरांना अ‍ॅसिडमध्ये पाणी ओतायचं नाही, पाण्यात अ‍ॅसिड ओतायचं हे झोपेतून उठवलं तरी सांगता येतं, कल्हईवाला नवसागर का टाकतो ते येतं (तापल्यावर त्यातून निघणारं अ‍ॅसिड भांड्यावरचा ऑक्साइड खातं आणि कथील चिकटतं, हे शिकायला सरांनी अख्खा वर्ग रस्त्यावर भट्टीभोवती बसवला होता), पण चार पर्यायांतून साठ सेकंदांत एक निवडायची वेळ आली की ती विचार करत बसतात. पालकांना विचार करणारं पोर परवडत नाही. दहावीनंतर ती मोठ्या क्लासकडे जातात, सोडियमच्या वरातीत सामील होतात. जाताना सरांना नमस्कार करायला येतात, आणि सर फी बाकी आहे हे विसरून त्यांच्या हातावर एक प्लेटिंगचा बोल्ट ठेवतात.

'सर, हे परीक्षेत येतं का?' या प्रश्नावर सरांचं ठरलेलं उत्तर आहे. "परीक्षेत येत नाही. अंगावर येतं." त्यांनी स्वतः ही पळवाट फक्त एकदा वापरली. एका पोराने विचारलं, रामकुंडात अस्थी विरघळतात ते कसं? रामकुंडाजवळ अस्थिविलय तीर्थ आहे, नाशिकच्या प्रत्येक घराला ते ठाऊक. सरांचा हात फळ्याकडे गेलाही. 'कॅल्शियम फॉ' एवढं लिहून झालं. मग त्यांना आठवलं असावं की या पोराचे आजोबा गेल्याच महिन्यात गेले. त्यांनी खडू पेटीत ठेवला, तळहाताने अक्षरं पुसली आणि म्हणाले, "हे परीक्षेत येत नाही. पान अठ्ठेचाळीस काढा." वर्गाला धक्का बसला. पोरं आजही सांगतात की सरांनी अर्धं सूत्र पुसलेलं त्यांनी पाहिलंय.

आता सर निवृत्त आहेत, म्हणजे शेठचा फोन महिन्यातून चारदाच येतो. बाकीचे फोन जुन्या पोरांचे. त्यातल्या एकाचं स्वतःचं क्रोम प्लेटिंगचं युनिट आहे, अंबडातच, पॉवर हाउसच्या मागच्या बाजूला. परवा रात्री अकराला त्याचा फोन आला. दुसऱ्या दिवशी प्रदूषण नियंत्रण मंडळाचे साहेब येणार आणि सांडपाण्याच्या टाकीतलं पाणी पिवळंधमक. मेटाबायसल्फाइटच्या दोन गोण्या ओतून झाल्या, हिरवं व्हायचं नाव नाही. सर पिशवी घेऊन त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून गेले. बाईंनी खिडकीतून एवढंच सांगितलं, "पँट जुनी घाला."

सरांनी टाकीत पीएचचा कागद बुडवला, रंग पाहिला आणि तक्त्याशी जुळवला. पाच. "पाचला हे काम उद्या संध्याकाळपर्यंत व्हायचं नाही. दोन-अडीचवर आण. सहा संयुजेचा क्रोमियम तीनवर यायला आम्ल लागतं. हिरवं झालं की मग चुना टाक, गाळ खाली बसेल." मालक पोरगा अ‍ॅसिडच्या कॅनकडे धावला. सरांनी कॅनवर पाय ठेवला.

"आधी समीकरण."

"सर, रात्रीचे साडेअकरा..."

"डावीकडे क्रोमिक अ‍ॅसिड आणि सल्फ्युरस अ‍ॅसिड. उजवीकडे क्रोमियम सल्फेट आणि पाणी. लिही."

रात्रपाळीचे चार कामगार रॅक सोडून जवळ आले. मालकाने खिशातला महागाचा मोबाइल एकाच्या हातात दिला, पँट वर ओढली आणि कोब्यावर उकिडवा बसून खडूने लिहायला लागला. क्रोमियम दोन. गंधक तीन. हायड्रोजनशी थोडा अडकला, दहा निघाले, म्हणून पाण्यापुढे पाच टाकला. मागून एक कामगार हसला. मालकाने त्याच्याकडे पाहिलं, पण पगाराचा विषय काढायची ही वेळ नव्हती.

"ऑक्सिजन मोज," सर म्हणाले. "डावीकडे सतरा. उजवीकडे?"